पडद्यावरची दुसरी गिरिजा

"तुमची मुलगी पुढे कशी जगणार आहे?" डॉ. तस्नीम पीरजादे यांनी विचारलं.

मल्लिनाथ बिराजदार गोंधळले. "जगेल ना पण?"

"जगेल हो. त्यासाठीच तर हा खटाटोप. मी विचारतेय ते वेगळं. बसून जगणार, की पळून?"

सोलापुरातल्या निरामय बालहृदय केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या एका थंडगार खोलीत हे बोलणं चाललं होतं. समोर भिंतीएवढ्या पडद्यावर चार वर्षांच्या गिरिजाचं हृदय धडधडत होतं. ते खरं नव्हतं. खरं हृदय दोन मजले खाली होतं आणि ते जिचं होतं ती पोर तापानं फणफणून आईच्या मांडीवर पडली होती. म्हणून मल्लिनाथ एकटेच वर आले होते.

गिरिजा जन्माला आली तीच अपुरं हृदय घेऊन. रक्त ढकलणारे दोन कप्पे असतात. एक फुप्फुसांकडे ढकलतो, दुसरा सगळ्या शरीराकडे. तिचा एकच वाढला होता. अशा मुलांवर टप्प्याटप्प्यानं शस्त्रक्रिया करतात. शेवटच्या टप्प्यात पायांकडून आणि पोटाकडून वर येणारं रक्त हृदयात न नेता एका नळीतून थेट फुप्फुसांकडे वळवतात. उरलेला एकुलता कप्पा मग फक्त शरीराचं काम पाहतो. युक्ती चांगली आहे. अडचण एवढीच, की फुप्फुसांकडे निघालेल्या रक्ताला मागून ढकलणारं कुणी उरत नाही. ते आपलं आपण, जेमतेम दाबानं वाहत राहतं. त्यामुळे नळी केवढी, कुठे आणि कोणत्या कोनात जोडायची, याच्यावर सगळं अवलंबून.

"कुडलला गेलाय ना तुम्ही? भीमा-सीनेच्या संगमावर?" डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. "दोन प्रवाह समोरासमोर आदळले की पाणी घुसळतं आणि जोर तिथंच मरतो. एक जरा तिरका आला, की दोघं मिळून पुढे जातात. पोरीच्या छातीत आम्हाला असाच संगम बांधायचाय. पण तो एकदा बांधला की मोडून बघता येत नाही."

म्हणून आधी संगणकात बांधून बघायचा. स्कॅनमधल्या शेकडो चित्रांवरून गिरिजाच्या हृदयाची आणि शिरांची हुबेहूब आकृती उभी केलेली होती. केंद्रातले लोक तिला प्रतिहृदय म्हणत. तिच्यातून गणितानं रक्त वाहवता येई. नळी लावून, काढून, पुन्हा वेगळी लावून पाहता येई. एवढं तर आधीच्या पिढीतले डॉक्टरही थोडंफार करत. नवं होतं ते हे, की आता प्रतिहृदयाचं वय वाढवता येत होतं. आज लावलेली नळी दहा वर्षांनी कशी वागेल, तीस वर्षांनी मागे तुंबणाऱ्या रक्ताचा यकृतावर किती ताण येईल, हे आधीच दिसत होतं. त्यासाठी प्रतिहृदयाला एक गोष्ट मात्र सांगावी लागे: या हृदयावर रोज भार किती पडणार.

"दोन आराखडे निघालेत," डॉक्टर म्हणाल्या. "ही पहिली नळी बेताची. माणूस शांत बसलेलं असताना हिच्यातून रक्त सुरेख जातं, कुठे साचत नाही. पण पळायला लागलं की कोंडतं. ही दुसरी रुंद, वर दोन फाटे. पळताना उत्तम. पण एरवी कडेनं रक्त रेंगाळतं, गुठळीची भीती राहते."

पडद्याच्या तळाशी दोन रेघा उमटल्या. त्या आयुष्याच्या होत्या. बसणाऱ्या गिरिजाची रेघ दुसरीपेक्षा दहा-बारा वर्षं पुढे जात होती.

मल्लिनाथ एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. पुस्तकांच्या कपाटांमागे राहून राहून त्यांचा आवाजही कपाटामागून आल्यासारखा येई. हिची आई आली की सांगतो, एवढं म्हणणं अवघड नव्हतं. पण डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं होतं, बाहेर आणखी दोन जोडपी बसली होती, आणि आपल्यामुळे कुणाचा खोळंबा व्हावा हे मल्लिनाथांना जन्मात कधी सोसलं नव्हतं.

"घरात कुणी खेळणारं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिची आई. विद्यापीठाकडून खो-खो खेळायची. धाराशिवची आहे ती."

"मग?"

"पण पोरगी माझ्यावर गेलीय," मल्लिनाथ म्हणाले. "बसणारी आहे."

चार पावलं चालली की निळ्या ओठांनी खाली बसणारी पोर ती. कुणावर गेलीय हे कुणी सांगावं? पण ते तसं म्हणाले खरे, आणि म्हणताना त्यांना थोडं बरंही वाटलं.

"ठीक. हे उत्तर मॉडेलसाठी आहे, बरं का," डॉक्टर म्हणाल्या. "मुलीसाठी नाही. पुढे काही बदललं तर मला सांगा."

हे वाक्य मल्लिनाथांनी ऐकलं होतं. ते आपल्याला कळलं नव्हतं, हे समजायला त्यांना तेरा वर्षं लागली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. गिरिजाचे ओठ पहिल्यांदा गुलाबी झाले तेव्हा तिच्या आईला, जयमालाला, रडू आवरेना. मग हळूहळू तिला सगळं कळलं, आणि एका दुपारी दवाखान्याच्या कँटीनमध्ये तिनं समोरचा चहा बाजूला सारला.

"मला बोलवायचं तरी होतंत."

"तिला ताप होता. तू खाली होतीस."

"दोन मजले होते हो मध्ये. समुद्र नव्हता."

"दहा-बारा वर्षं जास्त आहेत, जयू."

जयमालानं त्यांच्याकडे पाहिलं. या माणसानं मुलीसाठी वर्षं निवडली होती, त्याच्यावर चिडायचं तरी कसं? ती चिडली नाही. चिडली असती तर, मल्लिनाथांना पुढे कैकदा वाटलं, बरं झालं असतं.

ती एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवायची. सुरुवातीला गिरिजालाही मैदानावर न्यायची. एकदा गिरिजा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळाली. परतीला तिचे ओठ काळवंडले, आणि नेमके तेव्हाच मल्लिनाथ छत्री घेऊन फाटकात उभे होते.

"हे चालायचं नाही," घरी आल्यावर ते म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. "डॉक्टरांनी हिचं सगळं गणित बसून राहण्यावर मांडलंय. ही पळाली तर ते गणितच चुकेल."

"गणित चुकू दे की. पोरगी दोन पावलं पळाली, हसली. ते नाही दिसलं?"

"ओठ दिसले."

ओठ जयमालालाही दिसले होते. त्यानंतर गिरिजा मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसू लागली. आणि पुढे तिथेही जाईनाशी झाली. वडिलांच्या ग्रंथालयात बसू लागली. शाळेत मल्लिनाथांनी स्वतः जाऊन सांगितलं होतं: कवायत नाही, सहल नाही, जिना शक्यतो नाही. मुलगी गुणी होती. जिथं बसवावं तिथं बसायची.

दर वर्षी तपासणी असे. नवी मापं घेऊन प्रतिहृदयात भरली जात. केंद्राचा नियम असा होता, की निवडलेल्या आराखड्याबरोबर न निवडलेलाही तसाच पुढे वाढवत न्यायचा. त्याशिवाय अंदाज बरोबर ठरले की चूक, हे शिकायचं कसं? त्यामुळे पडद्यावर दर वर्षी दोन हृदयं शेजारीशेजारी दिसत.

गिरिजा नऊ वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा चौकशी केली.

"ही मी. आणि ही कोण?"

"ही पण तूच," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरी नळी लावली असती तर."

"तिला शाळा असते?"

"नाही गं."

"मग तिचं बरंय. आत्ता काय करतेय ती?"

डॉक्टरांनी गमतीनं भार वाढवला. उजवीकडचं हृदय भराभर धडधडू लागलं, दोन्ही फाट्यांतून लाल-निळ्या रेषा सुळसुळत गेल्या. "पळतेय."

गिरिजा बराच वेळ बघत राहिली. "दमत नाही?"

"ती खरी नाही, गिरू," मल्लिनाथ घाईनं म्हणाले.

"मग आपण तिला दर वर्षी कशाला बघायला येतो?"

डॉक्टर हसल्या, जयमालाही हसली. मल्लिनाथांना हसू आलं नाही. त्यानंतर 'दुसरी' घरात राहायलाच आली. गड्ड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यापाशी गिरिजा म्हणायची, "दुसरी बसली असती." पावभाजीला कांदा चिरताना रडू आलं की म्हणायची, "हे मात्र दुसरीनं करावं." तेराव्या-चौदाव्या वर्षी तिनं हे नाव घेणं बंद केलं. पोर समजूतदार झाली, असं मल्लिनाथांना वाटलं. तिला काय वाटलं, ते त्यांनी विचारलं नाही.

त्यांचा आधार तळाच्या रेघेचा होता. तपासणीच्या दिवशी ते आधी तिच्याकडे बघत. आपल्या गिरिजाची रेघ लांब आहे ना? आहे. मग डॉक्टर विचारत, "सवयी तशाच?" आणि मल्लिनाथ म्हणत, "तशाच." त्यात थोडा अभिमानही असायचा. परत केलेलं पुस्तक जसंच्या तसं निघावं, पान दुमडलेलं नसावं, तसा.

गिरिजाच्या सतराव्या वर्षीच्या तपासणीला डॉक्टरांनी तिघांनाही आत बोलावलं. डॉक्टरांचे केस आता पांढरे झाले होते. पडदा सुरू करण्याआधी त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

"बिराजदार सर, यंदा मॉडेल बदललंय," त्या म्हणाल्या. "देशभरातल्या हजारो मुलांची मापं एकत्र केली. ही पहिली मुलं आता मोठी झालीत ना. तर असं दिसलं, की आम्ही एक गोष्ट मोजलीच नव्हती."

"कोणती?" जयमालानं विचारलं.

"पाय."

मग त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. माणूस चालतं-पळतं तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांतलं रक्त वर ढकलतात. धडधाकट माणसाला त्याचं विशेष नाही. पण ज्या मुलांच्या फुप्फुसांकडे रक्त ढकलायला कप्पाच नाही, त्यांच्यासाठी पोटऱ्या हाच दुसरा पंप. पळणाऱ्या मुलांचा तो पंप तयार झाला. त्यांच्या यकृतावरचा ताण कमी राहिला, रेंगाळणारं रक्तही फिरतं राहिलं. "आम्ही छातीतलंच मोजत बसलो," डॉक्टर म्हणाल्या.

पडद्यावर दोन रेघा आल्या. दुसरीची रेघ आता गिरिजाच्या रेघेला ओलांडून पुढे गेली होती.

मल्लिनाथ त्या रेघेकडे बघत राहिले. दहा-बारा वर्षं त्यांनी मुलीच्या नावानं जपून ठेवली होती; ती तिथं नव्हतीच. त्यांना आपल्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीखाली घेतले.

"मॅडम, एक दाखवता?" गिरिजानं विचारलं. तिचा आवाज वडिलांसारखाच खालचा होता. "नळी माझीच. हीच. पण मी खेळले असते तर?"

डॉक्टर थांबल्या. "कशाला गं?"

"बघू दे की."

तिसरी रेघ उमटली. ती दुसरीच्या जवळजवळ बरोबरीनं गेली. जराशी मागे राहिली इतकंच.

"म्हणजे नळीचा दोष नाही," गिरिजा म्हणाली. ती कुणाकडे बघून म्हणाली नाही. जयमालाही पडद्याकडेच बघत होती. मल्लिनाथांना वाटलं, कुणीतरी आपल्याकडे बघावं.

"पण ओठ काळे पडायचे तिचे," ते म्हणाले.

"पडणारच. नळी बेताची आहे. थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा पळायचं. तशी शेकडो मुलं पळाली," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचा स्वर उतरला. "मी बसवून ठेवा असं सांगितलं नव्हतं, सर. तुम्ही म्हणालात, बसणारी आहे. दर वर्षी विचारलं, दर वर्षी तेच म्हणालात. मीही हिला एकदा विचारायला हवं होतं. ते राहिलं माझ्याकडून."

अजून वेळ गेली नव्हती. दोन-तीन वर्षं पाय नेटानं तयार केले, तर रेघ बरीच पुढे सरकली असती. यकृतावर सूज दिसायला लागलीच होती. पाय तसेच राहिले, तर पुढच्या पाच-सहा वर्षांत ते हळूहळू निकामी होत गेलं असतं. डॉक्टरांनी हे गिरिजाकडे बघून सांगितलं.

मल्लिनाथ कामाला लागले. चालण्यावरची, पळण्यावरची, स्नायूंवरची होती नव्हती ती पुस्तकं त्यांनी काढली. सकाळी मुलीला घेऊन ते होम मैदानावर जाऊ लागले. ती पळायची आणि ते हाताशी पाण्याची बाटली धरून कडेनं भराभर चालायचे. दर खेपेला एकाच वळणावर गिरिजा थांबायची आणि तिथल्या बाकावर बसायची.

"दम लागला?"

"हं."

तिच्या मनगटावरचा नाडी मोजणारा पट्टा मात्र सांगायचा, की दम लागण्याइतकं काही झालेलं नाही. मग तिनं त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. जयमाला एकटीच तिला नेऊ लागली. तरी त्याच वळणावर ती थांबायची.

एका सकाळी गिरिजा निघालीच नाही. मल्लिनाथ स्वयंपाकघरात गेले तर ती ज्वारीचं पीठ मळत उभी होती, आणि जयमाला तव्याशी.

"आज जायचं नाही?"

"नाही अप्पा. उपयोग नाही."

"अगं, असं कसं? डॉक्टर म्हणाल्या ना..."

"तुम्ही दिसता," गिरिजा म्हणाली.

"मी तर येतही नाही आता."

"नसलात तरी दिसता. त्या वळणावर. तुमचा चेहरा."

मल्लिनाथांनी जयमालाकडे पाहिलं. तिनं भाकरी उलटली. "रागावलेला?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," गिरिजा म्हणाली. "रागावलेला असता तर पळाले असते."

तव्यावरची भाकरी फुगून खाली बसली. मग जयमालानं जे सांगितलं ते दोघींचं आधीच ठरलेलं दिसत होतं. धाराशिवला तिची थोरली बहीण होती, रत्नप्रभा, खो-खोची प्रशिक्षक. गिरिजानं तिथं राहायचं. पुढचं कॉलेज तिथंच, रोज सकाळ-संध्याकाळ मैदान, तपासणीची मापं तिथूनच केंद्राला जातील.

"किती दिवस?" मल्लिनाथांनी विचारलं.

"दोन वर्षं तरी," जयमाला म्हणाली. "आणि तुम्ही फोन करून विचारायचं नाही, की दमलीस का. ते मी विचारीन."

ते हो म्हणाले. नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे कधी होता का, याचाच ते विचार करत होते.

गिरिजा गेली. घर होतं तसंच राहिलं, कारण गिरिजानं घरात आवाज असा कधी केलाच नव्हता. जयमालाच्या फोनवर दर महिन्याला मापं येत. मल्लिनाथ चष्मा लावून वर्तमानपत्र धरून बसत आणि विचारत, "कसं आहे?" जयमाला म्हणे, "बरं आहे." कधी म्हणे, "चांगलं आहे." आकडे ती सांगत नसे आणि ते मागत नसत.

सात-आठ महिन्यांनी मात्र त्यांना राहवलं नाही. एका शनिवारी त्यांनी कॉलेजात रजा टाकली, घरी कॉलेजात चाललो म्हणून सांगितलं, आणि तुळजापूरमार्गे धाराशिवला जाणारी गाडी पकडली. ही नवी रेल्वे सुरू झाल्यापासून ते तिच्यात कधी बसले नव्हते. गाडीत त्यांनी डबा उघडला, अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली तशीच बांधून ठेवली. भेटायचं नाही, लांबून बघायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

रत्नप्रभा शिकवायची त्या शाळेच्या मैदानाला कमरेएवढी दगडी भिंत होती. पलीकडे सराव चालला होता. गिरिजा कोणती ते कळायला त्यांना वेळ लागला. तिनं केस कापले होते. पायांत पांढरे बूट होते. ती पळत होती, आणि खरं सांगायचं तर वाईट पळत होती. हात कसेही उडत होते, पाऊल सपाट पडत होतं, सातवी-आठवीतल्या पोरी तिच्यापुढून निसटून जात होत्या. एकीनं तिच्या पाठीवर सहज थाप मारून तिला बाद केलं. गिरिजा गुडघ्यांवर हात टेकून वाकली. ओठ काळसर झाले होते. एवढ्या लांबूनही मल्लिनाथांना ते दिसले. त्यांच्या तोंडाशी शब्द आला. तो त्यांनी दातांखाली धरून ठेवला.

शिट्टी वाजली. गिरिजा ताठ उभी राहिली आणि पुन्हा पळाली. या वेळी बसलेल्या पोरींच्या रांगेतून तिनं एक बरी हुलकावणी दिली. रत्नप्रभामावशी ओरडली, "शाब्बास गं, आता खांब घे." गिरिजानं खांबाला वळसा घेतला, आणि वळताना तिची नजर भिंतीकडे गेली.

ती एकदम थांबली नाही. पावलं मंदावली, मग उरलीच नाहीत. मागून येणाऱ्या पोरीनं तिला शिवायच्या आत ती मैदानाच्या मधोमध खाली बसली.

मल्लिनाथांनी तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता. थोड्या वेळानं ती भिंतीशी आली.

"काय झालं अप्पा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी आपलं इकडून चाललो होतो."

"इकडून कुठं? पुढं तर स्मशान आहे."

हसावं की काय ते त्यांना कळेना. "दम लागला होता का?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जयमालाची अट त्यांना आठवली.

गिरिजानं खरोखर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "नव्हता लागला."

दोघंही भिंतीच्या दोन बाजूंना उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता. मल्लिनाथांनी तो यापूर्वी फक्त तापात पाहिला होता.

"जेवलात?"

"गाडीत खाल्लं."

"मग जा आता," गिरिजा म्हणाली. "रागानं नाही म्हणत."

"माहीत आहे."

"तुम्ही गेलात की मी पळेन. पण खरंच जा. कोपऱ्यावर थांबून बघू नका. मला कळतं."

"नाही बघत."

ती तिथंच उभी राहिली. ते आधी निघावेत याची वाट बघत. मल्लिनाथ वळले. भिंतीच्या कडेनं चालत कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथंही थांबले नाहीत. मागे शिट्टी वाजली. पोरींचा कालवा उठला, पावलांचा धप्‌धप्‌ आवाज आला, आणि मग कुणीतरी धापा टाकत मोठ्यानं हसलं. धापा टाकत हसणारी गिरिजा त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. ते हसू तिचंच की आणखी कुणाचं, हे कळायला मागे वळावं लागलं असतं. ते स्टेशनकडे चालत राहिले.